गच्चीवरची गो-टू

हौशी आकाशनिरीक्षकांच्या बैठकीत संगणकीय दुर्बिणीचा विषय निघाला की कोणीतरी नाक मुरडतेच. बटण दाबायचे, मोटारी घरघरणार, नळी आपसूक वळणार आणि तेजोमेघ समोर हजर. यात तुम्ही काय केलेत, असा त्यांचा सवाल असतो. सप्तर्षींच्या शेपटावरून स्वाती आणि स्वातीवरून चित्रा ज्याला गाठता येत नाही त्याने गो-टू दुर्बिणीला हात लावू नये, असा अलिखित नियमच या मंडळींनी करून ठेवला आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, अमावास्येच्या रात्री, हा नियम रास्त आहे. गिरगाव, लालबाग, परळ, दादर या पट्ट्यात मात्र तो नेमका उलटा लागू होतो. इथे ज्याला आकाश उत्तम येते त्यालाच या यंत्राची सर्वाधिक गरज आहे, आणि ज्याला आकाश मुळीच येत नाही त्याला हे यंत्र जवळपास काहीच दाखवत नाही. हे विधान विचित्र वाटेल, म्हणून ते जरा सविस्तर तपासायला हवे.

अंधुक वस्तू शोधण्याची जुनी रीत अशी. डोळ्यांना दिसणाऱ्या एखाद्या ठळक ताऱ्यापासून निघायचे, नकाशा बघून शेजारच्या मंद ताऱ्यावर यायचे, त्याच्यावरून त्याहून मंद ताऱ्यावर, आणि असे टप्पे घेत तारकागुच्छापर्यंत किंवा दीर्घिकेपर्यंत पोचायचे. याला स्टार हॉपिंग म्हणतात. ही रीत मधल्या ताऱ्यांवर चालते. ताऱ्याच्या प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद; खऱ्या अंधारात नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात; सगळ्या खगोलात मिळून ते पाच हजारांच्या आसपास भरतात. तिसऱ्या प्रतीपाशी थांबलो तर हा आकडा पावणेदोनशेच्या घरात येतो, आणि त्यांतले निम्मे कोणत्याही क्षणी क्षितिजाखाली असतात. दादरच्या गच्चीवरून बऱ्यापैकी स्वच्छ रात्रीसुद्धा नजर तिसऱ्या प्रतीच्या फार पलीकडे जात नाही. शौरी तारकासमूहातला एम १३ हा बंदिस्त तारकागुच्छ ज्या चौकोनाच्या कडेवर बसला आहे, त्या चौकोनाचे चार तारे पावणेतीन ते चार या प्रतींचे आहेत. म्हणजे परळमध्ये चौकोनाचा एखादा कोपरा हाती लागतो, चौकोन लागत नाही. चाळीच्या जिन्याच्या मधल्या सहा पायऱ्या काढून घेतल्या आणि मग वर चढायला सांगितले, तर चढणाऱ्याचे कौशल्य काय कामाचे?

बरे, अंदाजाने नळी फिरवून सापडेल म्हणावे तर हिशेब करून पाहा. आठ इंची आणि २०३२ मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीचा साधा आयपीस लावला की वस्तू ८१ पट मोठी दिसते, आणि एका वेळी आकाशाचा ०.६ अंश रुंदीचा गोल तुकडा नजरेत मावतो. हा तुकडा पौर्णिमेच्या चंद्राहून किंचित मोठा. असे सुमारे दीड लाख तुकडे मांडले की पूर्ण खगोल झाकला जातो. त्यात तुम्हाला हवी असलेली वस्तू म्हणजे उजळ करड्या पार्श्वभूमीवरचा तितकाच करडा डाग. तो तुकड्यात आला तरी आला हे कळणार नाही, इतका फिका.

हे आकाश मुंबईने एका रात्रीत गमावलेले नाही. १८६५ मध्ये इथल्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस परळ-लालबागच्या कारखान्यात तयार होई; लालबागच्या एका गल्लीला 'गॅस कंपनी' हे नाव अजून चिकटून आहे. मग वीज आली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारलेल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. शहरात विजेची ट्राम धावणार हे ठरल्यावर त्या प्रवाहाने सुया हलतील म्हणून चुंबकीय उपकरणे १९०४ मध्ये अलिबागला नेली गेली. ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली. विजेचे शहर आणि नाजूक वेध एका जागी नांदत नाहीत, हे या शहराला तेव्हापासून ठाऊक आहे. पुढे गिरण्या बंद पडल्या, १९९१ च्या विकास नियमावलीने त्यांच्या जमिनी मोकळ्या व्हायला वाट करून दिली, आणि जिथे धुराडी होती तिथे काचेचे मनोरे आले. धुराड्यांचा धूर निदान वाऱ्याने जाई. मनोऱ्यांच्या दर्शनी भागावरची रोषणाई रात्रभर तशीच असते. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा वाद पेटला तो राणीच्या कंठहाराची शोभा गेली म्हणून. आकाशाचे काय झाले हा प्रश्न त्या वादात जवळपास नव्हताच. वास्तविक सोडियमचा बराचसा उजेड वर्णपटाच्या पिवळ्या पट्ट्यात असतो, तो दुर्बिणीच्या फिल्टरने पुष्कळ अडवता येतो. पांढऱ्या एलईडीचा उजेड साऱ्या रंगांत पसरलेला, त्यातला निळा भाग तर हवेत जास्तच विखुरणारा. त्याला अडवायचे म्हणजे ताऱ्यांनाही अडवायचे.

अशा आकाशाखाली गो-टू दुर्बीण नेमके काय करते? १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मीड कंपनीने एलएक्स२०० ही मालिका आणली आणि तोवर मुख्यतः वेधशाळांपुरते असलेले तंत्र हौशी माणसाच्या अंगणात आले. तत्त्व सोपे आहे. हातातल्या कंट्रोलरमध्ये हजारो वस्तूंचे खगोलीय स्थान साठवलेले असते. स्थळ, दिनांक आणि वेळ सांगितली की त्या स्थानांचे इथल्या क्षितिजापासूनची उंची आणि दिशा यांत रूपांतर होते. पण ट्रायपॉड जमिनीवर नेमका कसा ठेवला आहे हे यंत्राला माहीत नसते. म्हणून दोन ओळखीचे तारे दाखवावे लागतात. दोन ताऱ्यांची जागा कळली की आकाशाचा सगळा गोल त्याच्या लेखी पक्का होतो. यालाच अलाइनमेंट म्हणतात, आणि इथेच नवखा माणूस घसरतो. बरेच अमेरिकी कंट्रोलर महिना आधी आणि दिवस नंतर मागतात. दिवाळीतली ५ नोव्हेंबर आपल्या सवयीने भरली की यंत्राच्या लेखी ११ मे उजाडतो. वेळ चार मिनिटांनी चुकली तर आकाश एका अंशाने सरकते. तारा मधोमध आणताना शेवटचा धक्का कोणत्या बाणांनी द्यायचा हेही ठरलेले असते. बऱ्याच दुर्बिणींना तो वरच्या आणि उजव्या बाणानेच द्यावा लागतो, म्हणजे दातेरी चाकांतला ढिलेपणा दर वेळी एकाच बाजूला ताणलेला राहतो. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ताराच भलता दाखवणे. दिवाळीच्या संध्याकाळी गिरगावच्या गच्चीवरून पश्चिमेकडे अभिजित, श्रवण आणि हंसाच्या शेपटीचा तारा एवढेच त्रिकूट ठसठशीत दिसते. त्यांतला एक दुसऱ्याच्या नावाने दाखवला किंवा एखाद्या ग्रहाला तारा समजून दाखवले, तर दुर्बीण बहुधा जुळत नसल्याची तक्रार करते, पण थोडक्यात निभावले तर ती पुढे रात्रभर पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या जागी नेत राहते.

ध्रुवतारा धरून चालणाऱ्या जुन्या विषुववृत्तीय माउंटची या भागात आणखी एक पंचाईत आहे. मुंबई १९ अंश अक्षांशावर, म्हणून ध्रुव इथे क्षितिजापासून फक्त १९ अंश उंच. उत्तरेला ५८० मीटरच्या आत दोनशे मीटर उंचीचा मनोरा असला की ध्रुव त्याच्या मागे गेलाच. परळमध्ये असे मनोरे शोधावे लागत नाहीत. ज्या माउंटला ध्रुवाची गरजच नाही आणि कोणतेही दोन तारे चालतात, तो माउंट इथे चैनीची वस्तू राहत नाही.

गणिताने आकाशात बोट ठेवायचे, हे काही आपल्याकडे परके नाही. केरो लक्ष्मण छत्रे हे तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम करत होते. गणेश दैवज्ञांचे 'ग्रहलाघव' १५२० मधले. त्यावरून निघणारी पंचांगे तीन-साडेतीन शतकांत प्रत्यक्ष आकाशापासून सरकली होती. छत्र्यांनी युरोपातल्या नव्या गणिताच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' सिद्ध केली, आणि त्यांवर १८६५ च्या सुमारास केरोपंती किंवा पटवर्धनी म्हणून ओळखले जाणारे पंचांग सुरू झाले. त्या पंचांगाचा आग्रह एकच होता: कोष्टकात जे येते ते डोळ्यांना तसे दिसले पाहिजे, दृक्प्रत्यय आला पाहिजे. गो-टूच्या कंट्रोलरमध्ये आहे तरी काय? कोष्टकेच. अलाइनमेंटचे दोन तारे म्हणजे दृक्प्रत्यय. कोष्टक वापरले म्हणून छत्र्यांना कोणी आळशी म्हटले नाही. पुण्यात १८८८ मध्ये सुरू झालेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या हाती वीस इंची आरशाची दुर्बीण होती. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेल्या या माणसाने मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटाचे वेध घेतले. अशा मोठ्या दुर्बिणींच्या अक्षांवर अंशांकित चकत्या असतात. खगोलीय स्थान बघून चकती फिरवली की दुर्बीण त्या जागी येते. व्यावसायिक खगोलवेत्ते एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत बसत नसत. गो-टू म्हणजे ती चकती मोटारीने फिरवणे, याहून अधिक काही नाही. तेव्हा 'खरे' निरीक्षण हातानेच होते ही समजूत इतिहासाला धरून नाही.

यंत्राने जागा दाखवली, पुढे काय? याचे उत्तर दिवाळीच्या आकाशातच आहे, आणि तेही एकाच तारकासमूहात. देवयानीतली मोठी दीर्घिका, एम ३१, पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर, आश्विन अमावास्येला रात्री अकराच्या सुमारास मुंबईच्या माथ्याजवळ येते. तिची एकूण तेजस्विता साडेतीन प्रतीच्या जवळपास, म्हणजे कागदावर चांगली. दुर्बीण तिच्यावर नेली की दादरमध्ये दिसतो तो मधला धूसर गोळा. छायाचित्रांतल्या सर्पिल भुजा, धुळीचे पट्टे, तीन अंशांचा तो विस्तार, यातले काहीही नाही. आलेला पाहुणा आयपीसला डोळा लावतो आणि सौजन्याने 'छान' म्हणतो. आता त्याच देवयानीत एनजीसी ७६६२ या क्रमांकाचा एक तेजोमेघ आहे. विल्यम हर्शेलला तो १७८४ मध्ये सापडला. आठव्या-नवव्या प्रतीचा, जेमतेम अर्ध्या कलेचा. कमी मोठेपणात तो ताऱ्यासारखाच वाटतो. त्याच्या शेजारचा वाटाड्या तारा सहाव्या प्रतीच्या जवळचा, म्हणजे मुंबईत अदृश्य. हाताने शोधणाऱ्याने तो इथून सोडूनच द्यावा. गो-टूने गाठला आणि दीडशे-दोनशे पट मोठा केला, की उजळलेल्या आकाशातही निळसर-हिरवट बिंब स्पष्ट उभे राहते. प्रसिद्ध वस्तू निराशा करते आणि निनावी वस्तू खूश करते, याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. दुर्बीण ताऱ्याचा बिंदू उजळ करते. पसरलेल्या वस्तूचा प्रत्येक चौरस कलेमागचा उजेड मात्र डोळ्यांना दिसतो त्याहून वाढवू शकत नाही. शहराच्या उजेडाने भरलेली पार्श्वभूमी त्याच प्रमाणात सोबत येते. म्हणून जे पसरट आणि विरळ आहे ते मुंबईत बुडते. जे छोटे आणि दाट आहे ते तरते. तारकागुच्छांच्या बाबतीत तर मोठेपणा वाढवणे हाच उपाय: आकाश काळवंडत जाते आणि तारे बिंदूच राहतात. मृगातला तेजोमेघ हा अपवाद. तो पसरट असूनही इतका तेजस्वी आहे की गिरगाव चौपाटीच्या उजेडालाही पुरून उरतो.

सुरुवातीच्या विधानाचा अर्थ इथे उलगडतो. कंट्रोलरच्या पडद्यावर वस्तूचे नाव उमटते तेव्हा यंत्राने फक्त 'इथे असायला हवे' एवढेच सांगितलेले असते. आहे की नाही, हे डोळ्याने ठरवायचे. कोणती वस्तू आज या गच्चीवरून निघेल, कोणत्या आयपीसने, चंद्र किती वाजता उगवणार, हे माणसाने आधी ठरवायचे. नजर थोडी तिरकी ठेवली तर डोळ्याच्या कडेच्या पेशी मंद उजेड टिपतात. नळीला बोटाने हलकी टिचकी मारली तर हलणारा डाग स्थिर डागापेक्षा लवकर कळतो. हे कौशल्य कोणत्याही चिपमध्ये नाही. ज्याच्याकडे ते नाही तो दुर्बिणीच्या यादीतली पहिली पन्नास नावे एकामागून एक दाबतो, पंचेचाळीस वेळा करडे आकाश बघतो आणि आठवड्यात दुर्बीण माळ्यावर टाकतो.

यावर आक्षेप येतो की यंत्राच्या नादाने नवी पिढी आकाश शिकणारच नाही. यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शिकण्याची जागा वेगळी आणि पाहण्याची जागा वेगळी असू शकते. खगोल मंडळ १९८५ पासून मुंबईकरांना आकाश दाखवत आले आहे आणि त्यासाठी वांगणीला रात्र-रात्र कार्यक्रम करत आले आहे. स्टार हॉपिंग तिथे शिकावे. गच्चीवर वेळच मिळत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते; दोन मनोऱ्यांमधली दहा अंशांची फट विषुववृत्ताजवळच्या वस्तूला चाळीस मिनिटेच मोकळी असते. त्यातली तीस मिनिटे शोधण्यात घालवून वस्तू गमावणे ही तपश्चर्या आहे, निरीक्षण नाही.

मग वांगणीलाच का जाऊ नये? जावेच. पण अमावास्येजवळचा शनिवार, निरभ्र हवा आणि मोकळा माणूस हे तिन्ही वर्षातून किती वेळा जुळतात? पावसाळा चार महिने खातो. शिवाय अंबरनाथ-बदलापूरचा उजेड दरवर्षी त्या दिशेने सरकतो आहे. आणि शहरातून अंधुक वस्तू पाहणे हा वेडगळपणा असेल तर तो वेडगळपणा करणाऱ्यांत पहिला मान चार्ल्स मेसियेचा. ज्या यादीवरून आपण एम १३ आणि एम ३१ म्हणतो ती त्याने पॅरिसच्या मधोमध, क्लुनी वाड्याच्या छतावरून वेध घेत जमवली. १७८१ पर्यंत तीत १०३ नोंदी झाल्या. अर्थात त्याच्या पॅरिसात एलईडी नव्हते. पण त्याच्याकडे आपले दक्षिण आकाशही नव्हते. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा सर्वांत तेजस्वी बंदिस्त तारकागुच्छ पॅरिसच्या क्षितिजावर कधी येतच नाही, म्हणून त्या यादीत नाही. मुंबईत तो वैशाखात रात्री दहा-साडेदहाला दक्षिणेला साडेतेवीस अंश चढतो. दक्षिणेला साडेचारशे मीटरच्या आत दोनशे मीटरचा मनोरा नसला, तर तो लालबागेतूनही गाठता येतो.

शेवटचा आक्षेप नव्या पिढीकडून येतो: आयपीस तरी कशाला? आताच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक दुर्बिणी स्वतःच ताऱ्यांची रचना ओळखतात, दहा-दहा सेकंदांची छायाचित्रे एकावर एक रचतात आणि फोनच्या पडद्यावर देवयानीच्या भुजा आणून देतात. ज्याने गो-टू मान्य केली त्याला या यंत्रांना तत्त्व म्हणून विरोध करता येत नाही. दीर्घिका परळहून पाहायच्या असतील तर हाच एक मार्ग उरला आहे, आणि मोतीबिंदू झालेल्या आजोबांना आयपीसपेक्षा पडदा बरा. तरीही पहिली पसंती आयपीसला द्यावी असे माझे मत आहे. पडद्यावरचे चित्र तयार होऊन येते. दिसले की नाही हा प्रश्नच त्यात उरत नाही, आणि सगळी गंमत त्या प्रश्नात आहे.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. आठ इंची गो-टू लाखाच्या पुढे जाते, आणि दोन खोल्यांच्या घरात ती ठेवायची कुठे? म्हणूनच ती एकट्याने घेण्याची वस्तू नव्हे. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला; त्याच वर्षी मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ ठरवू पाहणारा लोकमान्यांचा 'ओरायन' प्रसिद्ध झाला. गणपती आपण गल्लोगल्ली नेला, ओरायनचे आकाश तेवढे राहिले. मंडळे आणि वाचनालये यांनी एका वर्षाच्या रोषणाईतून थोडी रक्कम बाजूला काढून एक दुर्बीण घ्यावी, दोन तारे खात्रीने ओळखणारा एक माणूस तिच्यासाठी नेमावा, आणि महिन्यातल्या एका शनिवारी रात्री आठ ते दहा गच्चीवरचे आणि दर्शनी भागावरचे दिवे बंद ठेवायला सोसायटीकडून लेखी घ्यावे. सुरुवातीला मार्गशीर्ष बरा: आठ वाजता पश्चिमेला महाश्वातला एम १५, माथ्याकडे एनजीसी ७६६२, पूर्वेला कृत्तिका, आणि दहापर्यंत मृग पुरेसा वर आलेला असतो. मंडळाच्या पुढच्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या.